गोजरबाईचा शिक्का

निंबखेडीत पोळा दोनदा भरायचा. एक श्रावणी अमावस्येला, बैलांचा. दुसरा मतदानाच्या दिवशी, गावातल्या लंगड्याआंधळ्यांचा.

पोळ्याला बैलाला न्हाऊ घालतात, शिंगांना हिंगूळ लावतात, पुरणाची पोळी चारतात, आणि सण सरला की पुन्हा औताला जुंपतात. रंगराव पाटील गावातल्या अधू माणसांचं अगदी तसंच करायचे. मतदानाच्या सकाळी त्यांची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, घुंगरमाळा वाजवत गल्लीत शिरायची. आंधळ्या रुखमाबाईला दोघं जण हाताला धरून चढवायचे. लंगडा कारभारी स्वतःच चढायचा, पण त्यालाही उगाच कुणीतरी बगलेत हात घालायचं. बसायला सतरंजी, तोंडात पान, आणि "सांभायून बसा हो, धक्का लागीन" असलं मऊ बोलणं. मत पेटीत पडलं की दमणी दुसऱ्या आळीला. परत घरी नेऊन सोडायचं कुणाच्या ध्यानातच राहायचं नाही. रुखमाबाई भिंत चाचपत यायची, कारभारी काठी टेकत यायचा, आणि पुढली पाच वर्षं त्यांच्या दारात घुंगराचा आवाज म्हणून नाही.

बैल बरे. त्यांना पोळा दर साली येतो.

या दमणीत सगळ्यात मानाची जागा गोजरबाईची, रंगरावांच्या शेजारी. कारण असं की रुखमाबाईचे गेलेले डोळे किंवा कारभाऱ्याचा पाय लांबून दिसत नाही. गोजरबाईचे हात लांबून दिसतात. म्हणजे नसलेले दिसतात.

गोजरबाई निंबखेडीचीच लेक. दिली होती खामगावात. नवरा जिनात हमाल आणि ही यंत्रावर कपास टाकायला. एका दुपारी लुगड्याचा पदर सावरता सावरता उजवा हात यंत्रात गेला. तो सोडवायला डावा घातला. उजवा मनगटापासून गेला. डाव्याचा अर्धा पंजा तेवढा उरला, पण बोटं गेली, अंगठाही गेला. दवाखान्यातून सुटून घरी आली तर नवऱ्यानं दुसरी आणलेली. तो म्हणाला, "भाकर कोण थापीन?" गोजरबाईनं त्याच्या नव्या बायकोकडं पाहिलं आणि म्हणाली, "थाप बाई थाप. हात जपून थाप पण. हात गेले का हा मानूस तिसरी आनते." आणि तशीच माहेरी निघून आली.

माहेरी आईबाप नव्हते, भाऊही वारला होता. भावजय पंचफुला होती. दोघी एकट्या बायका एका छपरात राहू लागल्या. एकीला हात नाहीत, दुसरीला ऐकायला जरा कमी येतं. त्यामुळं त्या घरातलं साधं बोलणंही अर्ध्या गावाला ऐकू जायचं. भाकर कोण थापणार हा नवऱ्याचा सवाल गोजरबाईनं त्याच साली निकालात काढला. अर्ध्या पंजानं थापायची, उजव्या थुटक्यानं परात फिरवायची. भाकर गोल व्हायची नाही. खाणारालाही गोल नको होती.

पोटासाठी तिनं राखणीचं काम धरलं. ज्वारी दाण्यावर आली की शेतात माळा घालतात आणि त्यावर बसून पाखरं हाकलायला माणूस ठेवतात. बाकीचे राखणदार गोफण फिरवतात. गोजरबाईला गोफण कुठली? तिच्याकडं गळा होता. माळ्यावर उभी राहून तिनं "हाऽऽ हुर्र" केलं की रंगरावांच्या शेतातला पोपटांचा थवा उठून थेट शेजाऱ्याच्या शेतात पडायचा. शेजारी शिव्या द्यायचा. नुसत्या हुर्रवर भागत नाही हे गोजरबाईलाही ठाऊक होतं, म्हणून पाखरांना ती नावं घेऊन शिव्या घालायची. त्यात गावातल्या बऱ्याच माणसांची नावं यायची.

रंगरावांनी तिला राखणीला ठेवली ती ज्वारी वाचावी म्हणून. सांगायचे मात्र दया म्हणून. सभेत, लग्नात, पंगतीत, पाहुणा आला की, "हे आमची गोजरा. दोनी हात गेले बिचारीचे. म्या सांभायली." आणि मग तिच्याकडं वळून म्हणायचे, "गोजरे, दाखव बरं हात." ती थुटके वर करायची. बायका तोंडाला पदर लावायच्या, पाहुणा चुकचुक करायचा, आणि त्या चुकचुकीचं सगळं पुण्य रंगरावांच्या फेट्यात जाऊन बसायचं. 'बिचारी' हा शब्द निंबखेडीला फार स्वस्त होता. कुणीही उठावं, म्हणावं आणि आपल्या घरी जेवायला जावं.

हेही तिनं चालवून घेतलं असतं. सत्तावनची गोष्ट मात्र तिच्या पोटात सलत राहिली.

सत्तावनच्या निवडणुकीत दर उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद टाकून यायचं. गोजरबाई तेव्हा नुकतीच माहेरी आलेली, जखमा ओल्या. साहेबानं कागद पुढं केला. तिनं तो काखेत धरायला हात उचलला, तेवढ्यात रंगरावांनी कागद मधल्या मध्ये घेतला. "तू थांब गोजरे, मी हायेच." आणि पडद्याआड गेले. साहेब खिडकीबाहेर पाहत राहिला. गोजरबाई पडद्यापुढं दावणीच्या शेळीसारखी उभी. रंगराव बाहेर आले, हात झटकले, म्हणाले, "झालं तुहं मत."

झालं. तिचं मत झालं आणि कोणत्या पेटीत झालं हे तिलाच माहीत नाही.

त्यानंतर जिथं तिथं रंगराव सांगायचे, "गोजरेचं मत मी माह्या हातानं टाकलं!" लोक म्हणायचे, वा पाटील. कुणी असं म्हणालं नाही की पाटील, ते मत तिचं होतं, तुम्ही चोरी सांगता आहात का दानधर्म?

महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली, निंबखेडीच्या शाळेवर झेंडा लागला, रंगरावांनी साखर वाटली. बासष्टची निवडणूक आली. या खेपेला रंगरावांचे खुद्द व्याही उभे होते. चिन्ह शिडी. समोरच्याची सायकल. सायकलवाल्यांचा गावातला म्होरक्या सहदेव, मळ्याचा मालक, रंगरावांशी विहिरीच्या वाटेवरून भांडलेला. त्याचं राजकारण तेवढंच होतं.

मतदानाच्या आधी चावडीपुढं सरकारी माणूस नवी रीत समजावून सांगायला आला. आता पेट्या वेगळ्या नाहीत. एकच कागद, त्यावर सगळी चिन्हं. बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला जायचं, लाकडी मुठीचा शिक्का उचलायचा, आपल्या चिन्हावर मारायचा, कागदाची घडी घालायची, पेटीत सोडायचा. त्यानं शिक्का वर करून दाखवला. पुरुषांनी माना डोलावल्या. गोजरबाई मागं बायकांत उभी होती. तिनं शिक्क्याची मूठ पाहिली, आणि घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. तिच्यासारखीनं एवढा वेळ गप्प बसावं म्हणजे पंचफुलाला धडकीच भरली.

"काय झालं हो बाई? तब्बेत बरी नाई का?"

"पंचफुले, मुसयीचा दांडका हाये का तुटेल?"

"मुसय? आता कांडायचं काय हाये?"

"कांडायचं नाई. मत मारायचं हाये!"

मुसळाचा तुकडा जाड निघाला. मग पंचफुलानं तुटक्या पाळण्याचा लाकडी गोंडा आणला, बोटभर मुठीचा. परसातल्या पळसाची पानं तोडली. चुलीतल्या कोळशानं पानावर चौकोन काढले. एका चौकोनात शिडी, एकात सायकल. सायकल पंचफुलाला जमली नाही, दोन काचांचा चष्मा झाला. तव्याची काजळी तेलात कालवली. गोजरबाई भुईला मांडी घालून बसली, डावा अर्धा पंजा आणि उजवा थुटका यांच्यात गोंडा दाबून धरला, काजळीत बुडवला, आणि थाप!

पडला चुलीवर.

"बाई, तुमी तं चुलीले मत देल्लं."

"दे तो गोंडा इकडं. हासतं कायले?"

चुलीला, पाटाला, मांजरीला, स्वतःच्या लुगड्याला मतं देऊन झाल्यावर केव्हातरी शिक्का चौकोनात बसला. मग घडीची तालीम. पानाची घडी घातली की पान फाटे. म्हणून दुकानातून गुळाचा कागद आणला. हनुवटीनं कागद दाबायचा, थुटक्यानं दुमडायचा. मतदानाचा दिवस येईस्तोवर गोजरबाईच्या हनुवटीला सदा काजळी. कुणी विचारलं तर म्हणायची, "दाढी येऊन राह्यली मले. पाटील होनार हावो आता."

इकडं रंगरावांनी आपली तयारी केली. नव्या नियमात असं होतं की ज्याला दिसत नाही किंवा शिक्का मारता येत नाही, त्यानं आपल्या मर्जीनं एक सोबती आत न्यावा, आणि एका सोबत्यानं एकाच माणसाची सोबत करावी. रंगरावांनी त्यातलं 'सोबती' ऐकलं, 'आपल्या मर्जीनं' ऐकलं नाही. ओसरीवर बसून त्यांनी अधू माणसांची वाटणी केली, पोळ्याला कोणता बैल कोणत्या गड्यानं धरायचा ते ठरवावं तशी. रुखमाबाईला हा, कारभाऱ्याला तो, गोजरेला मी.

कारभाऱ्याला सोबती कशाला, हे त्या ओसरीवर एकानंही विचारलं नाही. कारभाऱ्याचा पाय मोडलेला. हात असे की उसाची मोळी एका झटक्यात पाठीवर घ्यायचा. शिक्का काय पायानं मारायचा होता? पण अधू म्हटलं की अधू. पाय गेला म्हणजे मतही लंगडत असणार, असा आमच्या शहाण्यांचा हिशेब. आणि खुद्द कारभारीही म्हणाला, "हाव पाटील, तुमी म्हनसान तसं." त्याला दमणीतली सतरंजी आणि पान बास होतं.

मतदानाच्या सकाळी दमणी गोजरबाईच्या दारात आली. रंगराव उतरले. नवा फेटा, अत्तराचा फाया.

"चाल गोजरे, तुह्यावाचून अडलं."

"अडू द्या थोडं," ती म्हणाली, पण आली. पंचफुलानं धुतलेलं लुगडं नेसवलं होतं. रंगरावांनी बगलेत हात घालायला पुढं केला तर तिनं कोपरानं लोटला. "चढता येते मले. हात गेले, पाय हायेत." आणि चढून आपल्या मानाच्या जागी बसली.

"राग कायचा आला वं?"

"राग नाई. दमणी तुमची, बैल तुमचे. मत माहं हाये, तेवढं ध्यानात ठेवा."

रंगराव हसले. दमणीतले सगळेच हसले, कारण रंगराव हसले. रुखमाबाईला काय झालं ते दिसलं नव्हतं, तरी तीही हसली.

शाळेत केंद्र होतं. केंद्राचे मुख्य साहेब म्हणजे देऊळगाव राजाकडचे एक हेडमास्तर, शेषराव. सदरा इस्त्रीचा, टेबलावर नियमांचं पुस्तक, कपाळावर घाम. मास्तर वाईट नव्हते. भित्रे होते. भित्रा माणूस पुस्तकाला धरून चालतो आणि पुस्तकाबाहेरचं काही दिसलं की गावच्या पाटलाकडं पाहतो. दाराशी दोन्ही बाजूंची माणसं बसलेली. शिडीकडून रंगरावांचा एक पुतण्या, सायकलीकडून सहदेव स्वतः.

रुखमाबाई झाली. कारभारी झाला. धडधाकट हाताच्या माणसाचा शिक्का दुसऱ्यानं मारला आणि मास्तरांनी मान हलवली. सहदेवही गप्प राहिला, कारण कारभारी त्याला आधीच गेल्यात जमा होता.

मग गोजरबाई. रंगराव तिच्या मागोमाग टेबलापाशी आले आणि कागदासाठी हात पुढं केला. अगदी सत्तावनसारखा.

"साहेब, हिचा सोबती मी."

मास्तर म्हणाले, "ठीक आहे. बाई, हे तुमचे सोबती ना?"

"नाई."

मास्तरांनी कागदावरून मान वर केली.

"म्हणजे? दुसरं कोणी आहे का?"

सहदेव खुर्चीवरून उठलाच. "साहेब, रंगरावले नका पाठवू. मी जातो बाईसोबत. निरपेक्ष मानूस पाह्यजे."

"तू कोन बे निरपेक्ष?" गोजरबाई गरकन वळली. "तुह्या मनातली सायकल मले दिसून राह्यली इथून. बस खाली!"

सहदेव बसला.

मास्तरांनी रुमालानं मान पुसली. "बाई, तुम्हाला हात नाहीत."

"हे मले माहीत हाये साहेब."

"तसं नव्हे. सोबती न्यायची तुम्हाला सवलत आहे. सरकारनं सोय केली आहे."

"सोय ना? मंग मले नको. सोय नाई म्हनता येते का, का घ्याच लागते?"

मास्तरांनी पुस्तक उघडलं. ज्याला स्वतःला करता येत नाही त्याच्यासाठी सोबती, असं त्यात होतं. ज्याला करता येतं पण बघणाराला तसं वाटत नाही त्याचं काय, ते त्यांना सापडेना. त्यांनी रंगरावांकडं पाहिलं.

रंगराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "गोजरे, हट्ट नको करू. शिक्का हातातून निसटला, भलतीकडं लागला, तं मत बाद होईन."

"बाद झालं तं माहं होईन," गोजरबाई म्हणाली. "मागल्या खेपी तं माहं बादसुदिक झालं नाई."

दारातल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. रंगरावांचा पुढं केलेला हात तसाच टेबलावर राहिला, काय करावं न सुचून त्यांनी त्यानं मिशी सारखी केली. मास्तर म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. प्रयत्न करू द्या."

पण शाई राहिली होती. शाई लावणारा कारकून काडी बाटलीत बुडवून केव्हाचा बसला होता. मतदाराच्या बोटाला शाई लावायची, मग कागद द्यायचा. त्यानं डाव्या हाताकडं पाहिलं, उजव्याकडं पाहिलं. काडीवरची शाई टेबलावर ठिबकली.

"साहेब, हिला बोटच नाही. शाई कुठं लावू? आणि शाई न लावता कागद कसा देऊ?"

"कपाळाला लावा," रांगेतला एकजण म्हणाला. "कुकू बी होईन बिचारीले."

आता शाळेत हशा झाला. मोकळा, पोटभर. ज्या गावानं तिचे हात पाहून पदराला डोळे पुसले होते तेच गाव. गोजरबाईनं मागं वळून त्या माणसाला नीट पाहून घेतलं. पुढं बरीच वर्षं पाखरांच्या शिव्यांत त्याचं नाव पहिलं येत होतं.

मास्तर घाईघाईनं पानं उलटत होते. सापडलं तसं ते मोठ्यानं वाचू लागले, शाळेत धडा वाचावा तसं. डाव्या हाताची तर्जनी. ती नसल्यास त्याच हाताचं दुसरं बोट. तेही नसल्यास उजव्या हाताचं. दोन्ही हातांना बोटं नसल्यास, हाताचा जो शेवट उरला असेल त्यावर.

त्यांनी चष्मा काढला. हशा विरत गेला. कुठल्या लांबच्या कचेरीत बसलेल्या, कधी निंबखेडी न पाहिलेल्या कुणा बाबूला गोजरबाईसारखं माणूस असू शकतं हे सुचलं होतं. तिच्या शेजारच्या आळीत राहणाऱ्यांना सुचलं नव्हतं.

गोजरबाईनं डावा अर्धा पंजा पुढं केला. "लावा. दाबून लावा. पुसाले नाई पाह्यजे."

कागद तिनं दोन थुटक्यांत धरला आणि तट्ट्याआड गेली.

आत काय चाललं ते बाहेर कुणाला दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. टेबल हललं. शिक्का शाईच्या गादीवर आपटला. मग क्षणभर काही नाही. मग टक्कन आवाज आणि काहीतरी भुईवर घरंगळत गेलं.

"पडला शिक्का!" रंगराव पुढं झाले. "म्हनलं नोतं म्या? थांब गोजरे, मी हायेच."

त्यांनी तट्ट्याला हात घातला, आणि आतून आवाज आला, "आत कोनी याचं नाई!"

हा आवाज निंबखेडीच्या ओळखीचा होता. शिवारातले पोपट या आवाजाला उठत होते. मास्तरांच्या हातातलं पुस्तक पडलं. शाळेच्या कौलांवरची कबुतरं खरंच उडाली. रंगरावांचा हात तट्ट्यावरून असा मागं आला की जणू तट्ट्या तापलेला होता.

मग भुईवर बसल्याचा आवाज. लुगड्याची सळसळ. कण्हल्यासारखं काहीतरी. पुन्हा टेबल हललं. आणि मग, थाप! एकच. भाकर परातीत पडावी तसा भरीव आवाज.

घडीला वेळ लागला. रांग चुळबुळली. गोजरबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हनुवटीला शिक्क्याची शाई होती आणि घडी घातलेला कागद दोन थुटक्यांत होता. घडी वाकडीतिकडी, पण आतलं काही दिसत नव्हतं. पेटीच्या फटीत तिनं कागद टेकवला. अर्धा गेला, अर्धा अडला. मास्तरांचा हात आपोआप मदतीला पुढं झाला. तिनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. हात मागं गेला. तिनं उजव्या थुटक्यानं कागद ढकलला. गेला.

परतीला दमणी अर्थातच नव्हती. रुखमाबाई भिंतीला धरून उभी होती. गोजरबाईनं तिला आपलं कोपर धरायला दिलं आणि दोघी चालू लागल्या. मागून कारभारी काठी टेकत आला.

"मी बी मारला असता शिक्का," तो म्हणाला. "पन पाटलाले वाईट वाटलं असतं."

"तुह्या पायाचं मले वाईट वाटे कारभारी," गोजरबाई म्हणाली. "आता नाई वाटत. तुह्या हातायचं वाटते."

शिडी निवडून आली. व्याही आमदार झाले, गुलाल उधळला, चावडीपुढं सत्काराची सभा झाली. सभेला व्याह्यांबरोबर खामगावची मोठमोठी माणसं, हार, लाऊडस्पीकर. रंगराव भाषणाला उठले. बोलता बोलता सवय त्यांना जिथं नेते तिथं गेले.

"आमच्या गावानं काय केलं हे पाहुण्यायले दाखवतो. हे आमची गोजरा. दोनी हात नाईत बिचारीले. पन मी तिचं मत वाया जाऊ देल्लं नाई. माह्या हातानं शिडीवर शिक्का मारून देल्ला! ये गोजरे, वर ये. दाखव हात."

शाळेतल्या त्या दिवसाला निम्मं गाव साक्षीला होतं. आता तेच निम्मं गाव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसलं. सहदेवसुद्धा. हरलेल्या माणसाला जिंकलेल्याशी विहिरीच्या वाटेचं बोलणं करायचं होतं.

गोजरबाई वर गेली. लाऊडस्पीकरकडं तिनं पाहिलंही नाही. डावा पंजा वर केला. त्याच्या टोकाला शाईचा डाग अजून काळाभोर होता.

"पाटील खोटं बोलून राह्यले," ती म्हणाली. "सत्तावनले यायनं माहं मत चोरलं. या खेपी म्या मारलं. शिडीवर मारलं का सायकलवर मारलं, हे कोनाले समजनार नाई. पाटलाले तं मेल्यावरबी नाई."

पाहुणे आपसात बोलण्यात दंग होते. वर झालेला पंजा पाहून त्यांना वाटलं बाई आशीर्वाद देते आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी रंगराव शेतात आले. एकटेच. गोजरबाई माळ्यावर होती. ज्वारी दाण्यानं वाकलेली, कापणीला थोडेच दिवस उरलेले. रंगराव माळ्याखाली उभे राहिले आणि तोंड वर करून बोलू लागले. त्यांना कुणाशी वर पाहून बोलायची सवय नव्हती, मान लगेच अवघडली.

"गोजरे, झालं ते झालं. माह्या मनात काई नाई."

"बरं."

"राखन तुहीच राहीन. हे सालबी, पुढलं सालबी. फकत एक सांग." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. ज्वारीशिवाय कुणी नव्हतं. "शिक्का कायच्यावर मारला?"

गोजरबाईनं बाभळीकडं तोंड करून "हाऽऽ हुर्र" केलं.

"शिडीवर मारला असशीन तं तसं सांग, मी सुखानं झोपीन. सायकलवर मारला असशीन तं तसंबी सांग, मी रागावत नाई. कोनाले सांगतबी नाई. पन सांग बाप्पा काहीतरी. व्याही आमदार झाले, आन् माह्या डोक्यात हे एक मत भुंगा करून राह्यलं."

"आन् नाई सांगतलं तं?"

"तं मंग," रंगराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा पाटलाचा झाला, "उतर खाली. दुसरा राखनदार मियते मले."

एवढं म्हणून ते थांबले. त्यांना खात्री होती. हात नसलेल्या बाईला काम कोण देतो, हे साऱ्या जिल्ह्याला सांगत फिरलेला माणूस तो.

गोजरबाईनं पाण्याचं तांबडं मडकं दोरीनं कोपरात अडकवलं. भाकरीचं फडकं दातात धरलं. आणि माळ्याच्या शिडीवरून एकेक पायरी करत, कोपरं टेकत, खाली आली. रंगरावांनी मदतीला हात पुढं केला नाही, तेवढं शिकले होते. तिनं फडकं काखेत घेतलं आणि बांधाच्या वाटेला लागली.

"अवं गोजरे! आता जातं कुठं? पाखरं पडतीन ना!"

तिनं मागं पाहिलं नाही.

पाखरांना शिडी, सायकल, आमदार काही कळत नाही. आवाज थांबला एवढंच त्यांना कळलं. बाभळीवर दबा धरून बसलेले पोपट आधी दोनचार आले, मग सगळा थवा. ज्वारीची कणसं त्यांच्या भारानं हलू लागली. रंगरावांनी "हुर्र" केलं. पाखरं हलली नाहीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फेटा सोडला आणि तो दोन्ही हातांनी गरगर फिरवत ज्वारीत धावू लागले. निंबखेडीचे पाटील, आमदाराचे व्याही, उघड्या डोक्यानं, दोन धडधाकट हात हवेत मारत, आणि पोपट त्यांच्या डोक्यावरून उडून मागच्या ओळीत बसत होते.

बांधावर पोचलेल्या गोजरबाईच्या कानावर ते आलं. तिनं पंजावरचा काळा डाग एकवार उन्हात धरून पाहिला. हाळी तिच्या गळ्याशी आली होती, पाखरं उठवायची जुनी सवय.

तिनं ती गिळली आणि घरी गेली.